हृदयरोग्याच्या अवेध्य सिरा

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात सातशे सिरांचे वर्णन करून त्यांपैकी अठ्ठ्याण्णव सिरा अवेध्य ठरविल्या आहेत. शाखांमध्ये १६, कोष्ठात ३२ आणि जत्रूच्या वर ५० हे गणित आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते आणि परीक्षा संपताच बहुतेकांनी ते विसरलेलेही असते. या अठ्ठ्याण्णवांत, निदान हृदयरोग्यापुरती, आणखी काही वाहिन्यांची भर घालावी असे आमचे नम्र मत आहे. संहितेच्या संख्येला हात लावण्याचे धाडस आम्ही का करीत आहोत, हे सांगण्यासाठी आमच्याच हातून घडलेल्या एका प्रमादाची कबुली देणे भाग आहे.

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची शेती करणारे, साठीच्या घरातील एक गृहस्थ गृध्रसीने त्रस्त होऊन आमच्याकडे आले. जानुसंधीच्या चार अंगुळे वर वा खाली सिरावेध करावा, या शास्त्रवचनाप्रमाणे आम्ही दोन वर्षांच्या काळात त्यांच्या दोन्ही पायांवर अनेकदा सिरावेध केला. उपशय उत्तम मिळाला. अप्पा पुन्हा बांधावरून चालू लागले आणि आमच्या नावाचा गावात बोलबालाही झाला. पुढे तीन वर्षांनी त्यांना चालताना छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. अँजिओग्राफीत तीन वाहिन्यांत अवरोध निघाले व मोठ्या शहरातील रुग्णालयात बायपास शस्त्रकर्म ठरले. तेथे पायाची शीर काढावयास घेतली, तेव्हा दोन्ही पायांत गुडघ्याच्या वरखाली ती दोरीसारखी कठीण झालेली आढळली. मांडीतील चांगला राहिलेला तुकडा आणि डाव्या हाताची धमनी घेऊन शल्यविशारदांनी काम निभावले. रुग्ण सुखरूप घरी आला.

भेटावयास गेलो असता त्यांचा मुलगा सहज म्हणाला, ‘तिथले डॉक्टर विचारीत होते, या पायांना कोणी काय केले होते म्हणून. आम्ही तुमचे नाव सांगितले नाही.’ हे वाक्य त्याने आमच्याविषयीच्या आदरापोटी उच्चारले होते. आम्हांला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

त्या वेळी सिरावेध करणे चूक होते, असे आम्ही म्हणत नाही. रुग्णाला मधुमेह होता, वडील हृद्रोगाने गेले होते, तंबाखूचे व्यसन होते. हे सारे केसपेपरवर आम्हीच लिहिलेले होते. या मनुष्याला उद्या पायाची ही शीर हृदयासाठी लागू शकेल, हा विचार मात्र आमच्या मनाला एकदाही शिवला नाही. चूक आहे ती एवढीच, आणि ती लहान नाही.

बायपास हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. डॉ. नितू मांडके यांच्यासारख्या शल्यविशारदांमुळे तो मराठी घरांत रुळला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपल्या खानदेशातील धुळे होते, जळगावचा समावेश २०१३ मध्ये झाला. २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेमुळे, पूर्वी जमीन विकल्याशिवाय ज्यांना हे शस्त्रकर्म शक्य नव्हते असे लोकही आता छातीवर उभा व्रण घेऊन आपल्या चिकित्सालयात येतात. छातीवरचा व्रण आपल्याला दिसतो. नवी वाहिनी आणली कोठून, हे आपण विचारीत नाही, आणि खरी गोष्ट तर तेथेच आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत अवरोध झाला, की त्याच्या पुढे रक्त नेण्यासाठी दुसरी वाहिनी जोडावी लागते. ही वाहिनी बाजारात मिळत नाही. कृत्रिम नळ्यांचे प्रयत्न अनेक झाले, परंतु एवढ्या बारीक वाहिनीच्या जागी त्या टिकल्या नाहीत. म्हणून रुग्णाच्याच शरीरातून, जिच्यावाचून त्या अवयवाचे अडत नाही अशी वाहिनी काढून घ्यावी लागते. डॉक्टर मंडळी तिला ग्राफ्ट म्हणतात. शेतकऱ्याला ‘कलम’ म्हटले की चटकन समजते. कलमाची काडी कशी निवडली यावर झाड किती वर्षे फळ देणार हे ठरते, तसेच येथेही आहे.

सर्वांत सोयीची शीर पायाची. घोट्याच्या आतील बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी ही लांब सॅफेनस शीर. १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी हिचाच उपयोग करून या शस्त्रकर्माला आजचे स्वरूप दिले. ही लांब असते, काढण्यास सोपी असते, एकाच पायातून तीन-चार कलमे होतात. पण शीर ती शीर. आयुष्यभर मंद दाबाचे रक्त वाहिलेल्या तिच्या पातळ भिंतीवर एकाएकी धमनीचा दाब येतो. ती आतून जाड होत जाते, पुढे तिच्यात मेदाचे थर साचतात, आणि दहा वर्षांनी अशा शिरांपैकी सुमारे निम्म्याच चांगल्या स्थितीत उघड्या राहतात, असा जगभरचा अनुभव आहे. अलीकडे स्वीडनमधील डोमिंगोस सूझा यांनी शीर नुसती सोलून न काढता भोवतीच्या मेदासह, तिला न ताणता काढण्याची पद्धत रूढ केली व तशा शिरा अधिक टिकतात असे दाखविले. वाहिनीला आधार देणाऱ्या मेदालाही काही काम असते, हे ऐकून आपल्यापैकी कोणास नवल वाटू नये.

दुसरी वाहिनी छातीच्या आतल्या बाजूची. उरोस्थीच्या कडेने खाली उतरणारी अंतःस्तनीय धमनी, डाव्या बाजूच्या धमनीला हृदयशल्यतज्ज्ञ ‘लिमा’ म्हणतात. लेनिनग्राडचे वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच ती हृदयाला जोडली होती, परंतु जगाने तिकडे लक्ष देण्यास वीस वर्षे घेतली. १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच फ्लॉइड लूप व सहकाऱ्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा ज्यांना ही धमनी जोडली होती ते रुग्ण, केवळ शिरा जोडलेल्यांपेक्षा, स्पष्टपणे अधिक जगल्याचे दिसले. या धमनीत मेदसंचय क्वचितच होतो. तिच्या भिंतीची घडण आणि आतील अस्तर यांचा हा गुण आहे. दहा वर्षांनीही दहांपैकी नऊ उघड्या असतात. म्हणून हृदयाच्या पुढल्या बाजूच्या मुख्य वाहिनीला लिमा जोडणे हा आज बहुतेक सर्वत्र नियम आहे. त्याविषयी वाद नाही.

वाद आहे तो उरलेल्या वाहिन्यांना काय जोडावे याविषयी. उजव्या बाजूचीही स्तनीय धमनी घ्यावी, असे तर्काने वाटते. भारतासह सात देशांतील २८ रुग्णालयांत ३१०२ रुग्णांवर हे तपासले गेले व त्याचा दहा वर्षांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक धमनी घेण्याचे ठरलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण २१.२ टक्के, दोन घेण्याचे ठरलेल्यांत २०.३ टक्के, म्हणजे ठळक फरक नाही. उलट उरोस्थीची जखम न भरण्याचा त्रास दोन धमन्या घेतलेल्यांत अधिक. मात्र ज्यांना दोन धमन्या योजल्या होत्या त्यांपैकी काहींना प्रत्यक्षात एकच जोडली गेली आणि एकीच्या गटातील कित्येकांना हाताची धमनी लावली गेली, त्यामुळे या आकड्यांचा अर्थ लावताना तज्ज्ञांतही एकमत नाही. आपल्या भागातील स्थूल, मधुमेही स्त्रीरुग्णांचा विचार केला, तर उरोस्थीची जखम हा गौण मुद्दा नव्हे. दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा काढून घेतलेले हाड मधुमेहात सहजी जुळत नाही.

तिसरी वाहिनी मनगटाची रेडियल धमनी, आणि येथे प्रत्येक वैद्याने कान टवकारावेत. कारण शार्ङ्गधरांपासून आजपर्यंत अंगुष्ठमूलाशी तीन बोटे ठेवून आपण जी नाडी पाहतो, ती हीच. हिचा इतिहासही मनोरंजक आहे. फ्रान्सच्या आलँ कार्पेंतिए यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ती वापरून पाहिली आणि लवकरच सोडून दिली, कारण ती आकुंचन पावून बंद पडे. पुढे जवळजवळ दोन दशकांनी त्या काळातील रुग्णांची तपासणी होता काही कलमे अजून उघडीच असल्याचे दिसून आले! मग आकुंचन टाळणारी औषधे देऊन व हळुवार हाताने धमनी काढून १९९२ पासून हा उपयोग पुन्हा सुरू झाला. सहा चाचण्यांतील १०३६ रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर हाताची धमनी बंद पडण्याचा धोका पायाच्या शिरेच्या निम्म्याहून कमी आढळला. अट एकच, की मूळ हृदयवाहिनीतील अवरोध चांगला घट्ट असला पाहिजे. अवरोध किरकोळ असेल, तर मूळ मार्गानेच रक्त येत राहते आणि ही धमनी आकसून धाग्यासारखी होते.

हे सारे हृदयशल्यतज्ज्ञांचे क्षेत्र, वैद्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. सुश्रुतांच्या नावाने बायपासचाही शोध आपल्याकडेच लागला होता असे भाषणांत ठोकून देणारे आपल्यात आहेत. त्यांच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. वाहिनी कोणती निवडावी हे शल्यतज्ज्ञच ठरवील. पण निवडीला शिल्लक काय ठेवायचे, हे पुष्कळ अंशी आधीची पाच-दहा वर्षे ज्यांच्याकडे तो रुग्ण येतो त्यांच्या हातात असते, आणि खानदेशात ते बहुधा आपणच असतो.

आपण काय करतो ते पाहा. गृध्रसीला, सिराकौटिल्याला, विचर्चिकेला पायावर सिरावेध करतो. ग्रामीण दवाखाना चालविणारे आपले कित्येक बंधू हाताची शीर सापडली नाही की घोट्याच्या पुढल्या शिरेत सलाईन लावतात, आणि ती शीर म्हणजे कलमाच्या शिरेचाच आरंभ. सुईने दुखावलेल्या शिरेत रक्त गोठून ती कायमची निकामी होऊ शकते. आमचे म्हणणे असे, की वय चाळिशीच्या पुढे असून मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब किंवा घराण्यात हृद्रोग यांपैकी दोन गोष्टी ज्याच्यात आढळतील, त्याच्या पायाची आतील बाजूची लांब शीर आपण अवेध्य मानावी. गृध्रसीत बस्ती आहे, अग्निकर्म आहे, पोटात द्यावयाची औषधे आहेत. रक्तमोक्षण अपरिहार्यच वाटले तर निदान एक पाय तरी अबाधित राखावा व कोणत्या पायावर, कोठे, किती वेळा वेध केला हे रुग्णाच्या हाती लेखी द्यावे. सिराकौटिल्याच्या रुग्णात ती शीर तशीही कलमाला बहुधा निरुपयोगी असते, हे खरे. पण मग त्याच्यासाठी हाताची धमनी आणखी मोलाची ठरते.

त्या धमनीविषयी एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. अँजिओग्राफी आता जांघेऐवजी मनगटातून करण्याची प्रथा वाढली आहे. रुग्णाला ती सुखाची आहे. परंतु नळी घातलेल्या धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि अशी धमनी कलमासाठी शक्यतो टाळली जाते. म्हणून अँजिओग्राफीला निघालेल्या रुग्णाला आम्ही आता सांगतो, ‘दादा, तपासणी उजव्या हातातून होईल का, एवढे तिथल्या डॉक्टरांना विचारा. डावा हात राखून ठेवता आला तर बरे.’ निर्णय अर्थातच त्यांचा. मूत्रपिंडाच्या विकाराचा रुग्ण असेल तर गणित निराळे होते, कारण पुढे डायलिसिससाठी त्याच हाताच्या वाहिन्या लागतात.

मनगटाची धमनी काढल्यावर हाताचे काय होते, हा प्रश्न रुग्ण आपल्यालाच विचारतो. करंगळीच्या बाजूची दुसरी धमनी तळहाताला पुरेसे रक्त देत असेल तर काही होत नाही. ते पाहण्याची साधी रीत कोणत्याही वैद्याला जमण्यासारखी आहे. रुग्णास मूठ घट्ट आवळावयास लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबाव्यात, मूठ उघडल्यावर तळवा पांढरा दिसेल. मग करंगळीकडील दाब सोडावा. काही सेकंदांतच तळव्यावर लाली परतली तर त्या बाजूचा पुरवठा चांगला समजावा. अंतिम खात्री रुग्णालयात यंत्राने होते, परंतु लाली परतण्यास विलंब होत असल्याचे आपण चिठ्ठीत लिहून दिले, तर ते कोणी हसण्यावारी नेणार नाही.

शस्त्रकर्मानंतरची नाडी हा तर स्वतंत्र विषय आहे. धमनी बहुधा कमी वापराच्या, म्हणजे डाव्या हाताची काढतात. स्त्रियांची नाडी डाव्या हाताची पाहावी अशी आपली परंपरा आहे. तेव्हा बायपास झालेल्या मावशींचा डावा हात हाती घेऊन, नाडी सापडत नाही किंवा तळहाताकडून उलट आलेला क्षीण स्पंद लागतो म्हणून क्षीण नाडीचे निदान करणारा वैद्य, प्रत्यक्षात शल्यकर्माने नेलेल्या धमनीची रिकामी जागा चाचपत असतो. मनगटापासून कोपरापर्यंतचा व्रण पाहण्यास बाही वर करावयास सांगितले की पुरे. असे घडल्याचे आमच्या पाहण्यात आहे. वैद्यांचे नाव अर्थातच सांगणार नाही.

याउलट, नीट पाहिलेली नाडी प्राणही वाचवू शकते. लिमा ही डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीचीच शाखा. त्या मूळ धमनीत गळपट्टीच्या हाडाखाली अवरोध असेल, तर डाव्या हाताची नाडी उजव्यापेक्षा मंद लागते, रक्तदाबही त्या हातात बराच कमी भरतो. अशा रुग्णाला लिमा जोडूनही तिच्यात पुरेसे रक्त येत नाही, उलट डाव्या हाताने श्रम करताना हृदयाचेच रक्त हाताकडे ओढले जाते व छातीत दुखू लागते. दोन्ही हातांची नाडी एकाच वेळी पाहण्याची सवय ज्या वैद्याला आहे, त्याला हा भेद यंत्राआधी जाणवू शकतो. दोन्ही दंडांच्या रक्तदाबात १५ वा अधिक अंशांचा फरक दिसल्यास तो शस्त्रकर्मापूर्वी कळविणे आपले कर्तव्य आहे.

परत आलेला रुग्ण आणखी तक्रारी घेऊन येतो. ज्या पायाची शीर काढली तो सायंकाळी सुजतो, नडगीच्या आतील बाजूस बधिरता किंवा जळजळ असते. छातीच्या डाव्या बाजूसही स्पर्श मंद वाटतो. शिरेलगतची संवेदनावाहिनी दुखावल्याचा हा परिणाम असतो आणि बहुतेकांत तो काही महिन्यांत उणावतो. त्याला वातव्याधी ठरवून ताज्या व्रणावर जोरकस अभ्यंग व स्वेदन सुरू करणे आम्हांला अयोग्य वाटते. मधुमेह्याच्या बधिर पायावर शेक तर नकोच. आणि वातव्याधी म्हटले की हात त्रयोदशांग गुग्गुळाच्या बरणीकडे जातो, म्हणून आमच्या औषधविक्रेत्या बंधूंशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत.

गुग्गुळावर आमची श्रद्धा आहे. पण १९९४ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात, गुग्गुळाचा अर्क सोबत दिल्यास डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते असे आढळले. आता डिल्टियाझेम हे हाताच्या धमनीचे कलम आकसू नये म्हणून अनेक ठिकाणी दिले जाणारे औषध. एवढ्यावरून गुग्गुळाने कलम बंद पडते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, तसे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु चिठ्ठीत डिल्टियाझेम दिसत असताना काउंटरवरून गुग्गुळकल्प न विचारता देऊ नये, इतकी सावधगिरी पुरेशा कारणाची आहे. लसूण, गुग्गुळ यांसारखी द्रव्ये रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञ अशी औषधे शस्त्रकर्माच्या एक-दोन आठवडे आधी थांबवावयास सांगतात. रुग्ण तेथे ती घेत असल्याचे सांगत नाही. आपणच लिहून दिले पाहिजे. क्लोपिडोग्रेल चालू असलेल्याला जळवा लावणे हाही असाच अविचार.

या सर्वांहून मोठा धोका मात्र वेगळाच आहे. लसूण, आले, लिंबू आणि सफरचंदाचा शिरका यांचा काढा मोबाइलवरून घरोघर पोचला आहे, आणि ‘ब्लॉकेज उघडणाऱ्या’ बाटल्या काही दुकानांच्या दर्शनी फळीवर दिसतात. बायपास झालेला रुग्ण ती बाटली घेतो आणि आता आयुर्वेदिक सुरू केले म्हणून अॅस्पिरिन बंद करतो. पायाच्या शिरेचे कलम उघडे राहावे यासाठी अॅस्पिरिन हा मुख्य आधार आहे. तो काढून घेणे म्हणजे मोठ्या कष्टाने बांधलेल्या पाटात स्वतःच्या हाताने माती लोटणे. धमनीकाठिण्य, हृद्रोग आणि रक्तदाब हे विकार औषधे व जादूटोणा उपचारविषयक १९५४ च्या कायद्याच्या सूचीत आहेत, त्यांच्यावरील उपचाराची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, गिऱ्हाइकाला ‘तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारावयास विक्रेत्याला काही सेकंद लागतात.

दुसऱ्यांदा बायपास करण्याची वेळ आल्यास काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे. त्यांचे पहिले शस्त्रकर्म १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाले, २००४ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आणि २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने पुन्हा पाच कलमे जोडली. त्यानंतर ते २०२४ च्या डिसेंबरपर्यंत जगले. दुसऱ्या वेळी पहिल्या वेळेच्या वाहिन्या खर्च झालेल्या असतात. जे उरले त्यातूनच निवडावयाचे असते. आमच्या केळीवाल्या अप्पांच्या बाबतीत पहिल्याच वेळी ही स्थिती आली आणि ती आम्ही आणली.

आमच्या चिकित्सालयातील केसपेपरवर आता दोन ओळी अधिक छापल्या आहेत. एक, सिरावेधाचे स्थान, पाय व दिनांक. दुसरी, बायपास झाला असल्यास छाती, पाय व हात यांपैकी कोणकोणती वाहिनी काढली, आणि हे डिस्चार्ज कार्डावरून पाहून लिहावयाचे, रुग्णाच्या सांगण्यावरून नव्हे. छपाईचा खर्च काहीच नाही. संघटनेने असा नमुना सर्व तालुका शाखांना पाठवावा, अशी आमची सूचना आहे. सिरावेध केलेल्या रुग्णाचे पुढे हृदयाचे शस्त्रकर्म झाल्याचा अनुभव ज्यांच्याकडे असेल त्यांनी, तो आमच्यासारखाच कमीपणाचा असला तरी, संपादकांकडे लिहून कळवावा.